वडशाची सहल

उर्वशी मॅडमनं "सिस्टर" अशी हाक मारली की चंचलच्या कपाळाची शीर उडायची. आणि मॅडम ती हाक चारचौघींतच मारायच्या, एकटीदुकटी असताना नाही.

चंचल एके काळी सिस्टर होती, यात खोटं काही नव्हतं. चंद्रपुरात डॉ. दिनेश वैरागडेंचा हाडांचा मोठा दवाखाना होता, तिथं ती नर्स म्हणून लागली. तिथंच नव्यानं आलेल्या डॉ. हेमराज लांजेवारशी तिचं जमलं, लग्न झालं, आणि पुढं दोघांनी मूल रोडला स्वतःचा लहानसा दवाखाना टाकला. आता तिच्याच हाताखाली नर्सेस होत्या. पण वैरागडे डॉक्टरांच्या बायकोच्या लेखी, म्हणजे उर्वशी मॅडमच्या लेखी, ती अजून ट्रे घेऊन दारात उभीच होती.

त्या वर्षी अस्थिरोगतज्ज्ञांची राज्य परिषद चंद्रपूरला भरायची होती. निमंत्रणपत्रिकेत शहराला 'गोंडराजांची ऐतिहासिक विद्यानगरी' म्हटलं होतं. डॉक्टर मंडळी दोन दिवस सभागृहात गुडघे आणि खुबे यांच्यावर भाषणं ऐकणार, आणि त्यांच्यासोबत आलेल्या बायकांना इथल्या डॉक्टरांच्या बायका फिरवून आणणार. डॉ. वैरागडे परिषदेचे अध्यक्ष, त्यामुळे सहलींच्या समितीच्या प्रमुख आपोआपच उर्वशी मॅडम.

पहिली बैठक त्यांच्याच बंगल्यात झाली. पहिल्या दिवशी जटपुरा गेट, परकोट, गोंडराजांच्या समाध्या, अंचलेश्वर आणि महाकाली, हे पटकन ठरलं. दुसऱ्या दिवशी जंगल सफारी करायची म्हटलं तर एवढ्या बायकांना गाड्यांचं बुकिंग मिळेना.

"दुसऱ्या दिवसाचं बघू नंतर," मॅडम म्हणाल्या. "आमच्या नागपूरला असते ना परिषद, तर असा प्रश्नच येत नाही. सिस्टर, तुम्ही बस आणि पाण्याच्या बाटल्या बघा. तुम्हाला धावपळीची सवय आहे."

समोर बसलेल्या स्वातीनं खाली मान घालून हसू गिळलं. ही स्वाती एका दातांच्या डॉक्टरची बायको, अशा ठिकाणी कुणाचं काय चुकतंय हे टिपायला बसलेली. चंचलला मॅडमच्या बोलण्यापेक्षा ते गिळलेलं हसूच जास्त लागलं.

"बाटल्यांचं बघते," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या दिवसाचंही मीच बघते, मॅडम. तुम्ही नका काळजी करू."

*

त्याच आठवड्यात नागभीडकडचा तिचा लहानूमामा गुडघा दाखवायला आला. मामाची भाताची शेती, पण जीव सगळा नाटकात. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की पार शिमग्यापर्यंत हा माणूस रात्री घरी सापडायचा नाही. कुठल्या गावात कुठल्या कंपनीचं झाडीपट्टीचं, म्हणजे या जंगलमुलखातलं, नाटक आहे हे त्याला तोंडपाठ.

चंचल सोफ्यावर बसून समितीच्या ग्रुपवरचे बैठकीचे फोटो बघत होती. मामानं शेजारून डोकावलं आणि फोन तिच्या हातातून काढूनच घेतला.

"थांब, थांब. ही तं गुणाबाईची उर्वशी होय!"

"कोण गुणाबाई?"

"वडशाची गुणाबाई वो. नाटकवाली. अन् ही तिची पोट्टी. काय काम करे बाई! स्टेजवर हे रडे अन् खाली मांडवातल्या साऱ्या बाया रडत. मंग एका सीझनले एकाएकी दिसेनाशी झाली. लोक म्हनत, डॉक्टरसंगं गेली. इथी हाये का हे?"

"मामा, नीट बघा. ह्या नागपूरच्या आहेत."

"नागपूरची कायची! हनुवटीवरचा तीळ पाह्य ना. तीन मंडया मी त्या तिळापायी फिरलो."

चंचलनं फोन परत घेतला. तीळ होता. तिनं त्या दिवशी मामाला दोनदा चहा पाजला, आणि गुणाबाईबद्दल त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं काढून घेतलं. आमच्या नागपूरला! आठ वर्षं ती बाई हे ऐकवत आली होती. आमच्या नागपूरला लोक असे बोलत नाहीत, आमच्या नागपूरला नर्सेस पायरी सांभाळतात. आणि आई वडशाला तोंडाला रंग लावून उभी.

रात्री हेमराज जेवायला बसला तेव्हा चंचल गुणगुणत होती.

*

वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गाव. रस्त्यानं दोन्ही बाजूंना कंपन्यांची ऑफिसं, प्रत्येकावर नटनट्यांचे मोठमोठे चेहरे. चंचल गाडी करून गेली आणि विचारत विचारत एका टिनाच्या शेडपाशी पोचली. आत धनराज नावाचा मॅनेजर तारखा लिहीत होता. कोपऱ्यात खुर्चीवर एक साठी ओलांडलेली ताठ बाई पोलक्याला हूक शिवत बसली होती. तीच गुणाबाई.

चंचलनं सांगितलं, डॉक्टरांच्या बायका येणार आहेत, दुपारी दोन तासांचं नाटक हवं आहे.

"दोन घंट्यात नाटक?" गुणाबाईनं वर न बघता विचारलं. "आमचं नाटक रात्री उभं होते अन् कोंबड्याले बसते. दोन घंट्यात तं आमचा कॉमेडीवाला एंट्री बी घेत नाई."

"शहरातल्या बायका आहेत, बाई. रात्रभर बसवणार नाही त्यांना."

"मंग कायले येऊन राह्यल्या?"

धनराज घाईघाईनं मधे पडला. "करू ना मॅडम, करू. दुपारची तारीख खालीच हाये. बाई, एक अंक करू आपन."

"एक अंक करू, पन पुरा करू," गुणाबाई म्हणाली. "मधातून कापनार नाई. अन् कोनी मधात उठनार नाई. सांगजा तुमच्या बायाईले."

ठरलं. निघता निघता चंचलनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तुम्हाला लेकरं किती?"

गुणाबाईनं दोरा दातानं तोडला. "नाई."

"एकही नाही?"

"नाई म्हनलं ना."

परतीच्या वाटेवर वैनगंगेचा पूल ओलांडताना चंचलला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. मायलेकींचं हे संगनमत आहे. लेक मोठ्या घरी पडली, म्हणून आईनंही तोंड शिवून घेतलं. लेकीनं लाज धरायची आणि आईनं ती झाकायची. ठीक आहे, झाका किती झाकता ते.

*

पुढच्या बैठकीत चंचलनं दुसऱ्या दिवसाचा बेत मांडला. सकाळी बस निघेल, वाटेत नाश्ता, दुपारी वडशाला झाडीपट्टीचं खरंखुरं नाटक, मग कलाकारांचा सत्कार आणि परत. बायका एकदम खूश झाल्या. स्वाती तर टाळी वाजवून म्हणाली, "हेच तर हवं! मंदिरं काय, सगळीकडे असतात."

उर्वशी मॅडमच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी बशीत ठेवला, आणि ठेवताना थोडा सांडला.

"वडसा लांब पडेल," त्या म्हणाल्या. "मार्कंड्याचं देऊळ ठेवू. नदीकाठ आहे, कोरीव काम आहे."

"तिथं काम सुरू आहे मॅडम, सगळीकडे परांच्या लावल्यात. आणि वडशाचं मी ठरवून आले. त्यांनी तारीख दिली."

"मला न विचारता?"

"तुम्हीच म्हणालात, बघू नंतर. मी बघितलं."

बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मॅडमनं आणखी दोन-तीन ठिकाणं सुचवली, कोसा रेशमाचं विणकाम, आनंदवन, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता आणि ते सगळ्यांना जाणवलं. हात वर करून मत घेतलं, वडसा ठरलं.

बाहेर पोर्चमध्ये चंचल चपला घालत होती. मॅडम मागून आल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"तुला कोणी सांगितलं?" आज पहिल्यांदा त्या तिला तू म्हणाल्या.

"काय सांगितलं, मॅडम?"

"तिथं नको जाऊ. दुसरं कुठंही ने, खर्च मी करते. मी तुला सांगते आहे म्हणून ऐक."

"कारण सांगा, ऐकते."

मॅडमचे ओठ हलले. क्षणभर वाटलं, ही सांगणार. मग त्यांनी तिचा दंड सोडला आणि मान वर केली. "कारण तुला सांगायला तू माझी कोण लागतेस?"

"कोणी नाही," चंचल म्हणाली. "सिस्टर."

ती घरी आली तेव्हा हेमराजला कुणीतरी फोन करून सगळं कळवलेलंच होतं. तो भांडणारा माणूस नव्हता. अवघड ऑपरेशनला अजूनही डॉ. वैरागडेच येऊन उभे राहायचे, आणि त्यांचे जास्तीचे पेशंट याच्याकडे यायचे.

"चंचल, काय चाललंय तुमचं? सोडून दे ना."

"मी काय केलं? सहल ठरवली."

"तुझं तोंड मला माहीत आहे. हे सहल ठरवलेलं तोंड नाही."

तिनं त्याच्या पानात भाजी वाढली. "आठ वर्षं तुमच्या बायकोला लोकांसमोर ट्रे उचलायला लावतात, तेव्हा तुम्ही म्हणता सोडून दे. आता त्यांना थोडं दुखलं, तरी मीच सोडून देऊ?"

ती त्याच्यावरही चिडलेली होती, हे त्याला कळलं आणि त्यानं पान पुढं ओढलं.

*

चंचलची खात्री होती, मॅडम त्या दिवशी आजारी पडणार. ताप, पाठ, काहीतरी. पण सकाळी बसजवळ त्या सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या होत्या. अंगावर कोसाची साधी साडी, गळ्यात काही नाही. खिडकीशी बसल्या आणि सिंदेवाही गेलं, नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेलं, तरी कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीचं पीक उगवलं होतं. पाहुण्या बायका फोटो काढत होत्या. चंचल पुढच्या सीटवरून आरशात मॅडमचा चेहरा बघत होती आणि तिला हवं ते तिथं दिसत नव्हतं. भीती दिसायला हवी होती. ती बाई मात्र परीक्षेला निघाल्यासारखी दिसत होती.

वडशाला एका लग्नाच्या हॉलमध्ये स्टेज बांधलं होतं. धनराजनं हार घालून स्वागत केलं. पडदा वर गेला आणि एक अंक, न कापलेला, सुरू झाला. गुणाबाई सासूच्या कामात होती. साधं घरगुती नाटक, सुनेला छळणारी सासू आणि दारू पिणारा मुलगा. पण ती बाई स्टेजवर आली की बाकीचे पुसट व्हायचे. पुण्या-मुंबईच्या बायका आधी मोबाईलमध्ये बघून हसत होत्या, त्या हळूहळू गप्प झाल्या. उर्वशी मॅडम पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होत्या. चंचलनं नीट बघितलं. त्या आईचे संवाद आईच्या आधी म्हणत होत्या.

अंक संपला. सत्काराची वेळ झाली. चंचलनं माईक घेतला. हे वाक्य तिनं किती दिवस मनात घोळवलं होतं.

"आता आपल्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती, उर्वशी मॅडम, गुणाबाईंना शाल-श्रीफळ देतील. मॅडम पक्क्या नागपूरच्या, त्यांना आपल्या झाडीची माणसं कशी माहीत असणार? पण आज ओळख होईल."

मॅडम पायऱ्या चढून वर आल्या. त्यांनी शाल घेतली नाही, चंचलच्या हातातला माईक घेतला.

"मी नागपूरची नाई," त्या म्हणाल्या, आणि हॉलमधल्या बायकांनी माना उंचावल्या, कारण तो आवाज, ती भाषा, त्यांनी या बाईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "मी इथलीच. अशाच स्टेजवर वाढली. हे मायी माय होय."

टाळ्यांचा नुसता पाऊस. बायका उभ्या राहिल्या. कुणी डोळे पुसले, कुणी मोबाईल वर धरले. चंचल स्टेजच्या कडेला उभी. तिनं खड्डा खणला होता आणि ती बाई त्यात स्वतःहून उतरली होती, वर टाळ्या घेत होती.

गुणाबाईनं हात वर केला. टाळ्या थांबल्या. तिला माईक लागला नाही.

"ताळ्या कायले वाजवता? मायी कोनी पोरगी नाई."

"माय…"

"मले माय म्हनू नको. तुले सांगतलं होतं, मायं नाव घ्याचं नाई. कुठी बी घ्याचं नाई. आज स्टेजवर घेतलं तुनं."

"लपून किती दिवस येऊ मी? दरवर्षी येतो, तू दार लावून घेतेस. म्हनलं, लोकांसमोर तरी…"

"लोकांसमोर!" गुणाबाई हॉलकडे वळली. तिच्या तोंडावर अजून सासूचा रंग होता. "आयका मंग. हिचा पाय मोडला म्हनून चंद्रपूरले दवाखान्यात नेलं. पाय जुडला. मंग सीझनच्या मधात, बाहेर सारं गाव बसून हाये, घंटा झाली, अन् हिरोईन डॉक्टरच्या गाडीत. मले सांगतलं बी नाई. मी उभी राह्यली हिच्या जागी. त्या वयात पोरीवानी दोन वेण्या घालून. लोक पह्यले हासले. मंग गोटे आले. मंग त्याईनं मांडव वढला, अन् मांडवाची लाकडी बल्ली आली याच्या हातावर."

तिनं विंगेकडे बोट केलं. तिथं पेटीवाल्याच्या शेजारी एक म्हातारा स्टुलावर बसला होता. त्यानं उजवा हात पटकन शर्टाच्या आत घातला.

"पेटी वाजवे हा मानूस. साऱ्या झाडीत याच्यावानी पेटीवाला नव्हता. आता घास बी डाव्या हातानं खाते. हिले थे माहीत झालं, तं हे वर्षभरानं आली. फळं घेऊन." गुणाबाईनं सत्काराची शाल उचलून चंचलच्या हातात टेकवली. "नाटक झालं. घरी जा."

आणि ती आत निघून गेली. पडदा पाडायचं कुणाला सुचलंच नाही. उर्वशी तशीच उभी होती. धनराज येऊन तिला हळू आवाजात काहीतरी म्हणाला, तेव्हा ती खाली उतरली. विंगेत बघितलं, तर म्हाताऱ्यालाही कुणीतरी आत नेलं होतं.

बसमध्ये चढताना मुंबईची एक बाई स्वातीला हळूच विचारत होती, "शेवटचं ते नाटकातलंच होतं का?"

*

ब्रह्मपुरी मागं पडल्यावर उर्वशी आपल्या जागेवरून उठली आणि चंचलच्या शेजारी येऊन बसली. साऱ्या बसचे कान इकडे होते. तिनं आवाज अगदी खाली ठेवला.

"झालं समाधान?"

"मला हे माहीत नव्हतं," चंचल म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच लपवता."

"माहीत असतं तर केलं नसतं?"

खरं उत्तर चंचलला ठाऊक होतं, आणि ते आपल्याजवळ असणं तिला आवडलं नाही.

"तिनं मला बजावलं होतं, माझं नाव लावशील तर तोंड बघणार नाही. म्हणून नागपूर. सासरच्यांनाही तेच सोयीचं होतं." उर्वशी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होती. "तरी दरवर्षी मी जायची. दाराबाहेर बसायची. यंदा तिनं आतून पाण्याचा गडवा सरकवला होता. बोलली नाही, पण गडवा सरकवला. कळतं तुला? अजून एक-दोन वर्षांनी तिनं दार उघडलं असतं."

"अजून उघडतील."

"नाही उघडणार. स्टेजवर बोलली ना आता. तिचं अख्खं आयुष्य तिथं गेलंय. लोकांसमोर बोललेलं ती मागं घेत नाही, मेली तरी नाही."

"मग तुम्ही का बोललात? गप शाल द्यायची होती."

उर्वशीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत रडणं नव्हतं, उघडा राग होता. "तू मला त्या कोपऱ्यात उभं केलंस म्हणून. हे नातं तिनं तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं म्हणून." ती उठली. "तू माझं वाईट चिंतलंस, ते ठीक आहे. मीही तुला कधी सुखानं बसू दिलं नाही. पण मी तुझ्या आईपर्यंत नव्हते गेले."

चंद्रपूर येईपर्यंत दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर अंधारच होता.

*

व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे फिरला. डॉ. वैरागडे हेमराजशी कामापुरतं बोलू लागले, मग तेही बंद झालं. हेमराजनं बायकोला एक शब्द विचारला नाही. तो विचारत नव्हता, याचाच चंचलला जास्त त्रास होत होता. त्यानं भांडावं म्हणून ती भाजीत मीठ कमी टाकून बघायची.

शेवटी ती एक दिवस कुणाला न सांगता एसटीनं वडशाला गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. गुणाबाई घराच्या अंगणात तोंड धूत होती. तिनं चंचलला ओळखलं आणि टॉवेल दोरीवर टाकला.

"तूच आनलं होतं तिले."

"हो. बाई, चूक माझी होती. तुमची मुलगी यायलाच तयार नव्हती. तिचा राग धरू नका."

"तिचा राग धराचा का नाई थे मी पाहीन. तुयं सांग. तुमचं काय भांडन होतं?"

चंचलनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते किती लहान वाटलं. एक हाक, थोडं हसणं, पाण्याच्या बाटल्या.

गुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती दोन पावलं पुढं आली. "अन् त्याच्यापायी तुनं मायं स्टेज वापरलं? तुमच्या दोघीच्या झोंबाझोंबीत? मी तोंडाले रंग लावून उभी होती, बाई. काम करून राह्यली होती मी. तुनं मले विचारलं नाई, धनराजले विचारलं नाई. लेकरं किती, म्हनून पुसलं होतं ना तुनं मले? थे बी यासाठीच?"

"बाई, माफ…"

"निंघ. पुन्हा या अंगनात दिसली तं झाडू घेईन."

चंचल निघाली. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी तो म्हातारा बाकड्यावर बसलेला होता. सुकलू त्याचं नाव, गुणाबाईचा नवरा, हे तिला मामाकडून कळलं होतं. तिला बघून तो उभा राहिला, घराकडे एकदा नजर टाकली.

"तुमी डॉक्टरीनबाई ना? उर्वशी बरी हाये का?"

चंचलची आणि उर्वशीची त्या बसनंतर गाठच पडली नव्हती. "बरी आहे," ती म्हणाली.

"पाय दुखते का तिचा? थंडीत दुखे."

"नाही दुखत."

त्यानं डाव्या हातानं खिशातून जुना बटनांचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. घराकडून गुणाबाईची हाक आली, "वो, कुठी गेले?" चंचलनं पटापट उर्वशीचा नंबर दाबला, नाव टाकलं, आणि फोन त्याच्या खिशात परत सरकवला.

होळीच्या आधी एका सकाळी तिचा फोन वाजला. उर्वशी होती.

"बाबांना माझा नंबर तू दिलास?"

"हो."

चंचलनं गॅस बंद केला. "काय म्हणाले?"

"ते तुला कशाला सांगू? पुन्हा माझ्या माहेरात नाक खुपसू नको." आणि फोन कट.

त्यानंतर डॉक्टरांच्या बायकांच्या कार्यक्रमांत दोघी समोरासमोर यायच्या आणि एकमेकींच्या अंगावरून नजर फिरवून जायच्या, खुर्ची दिसावी तशी. उर्वशी तिला आता कुठल्याच नावानं हाक मारत नसे. स्वातीला वाटलं होतं, काहीतरी तोडगा निघेल, निदान भांडण तरी बघायला मिळेल. दोन्हीपैकी काही झालं नाही.

उन्हाळ्यात लहानूमामाचा फोन आला. नाटकं संपलेली, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ. "अवो चंचल, ब्रह्मपुरीच्या स्टॅन्डवर थे तुयी उर्वशी पाह्यली मी. एका बुढ्यासंगं बसली होती. त्याले भजे चारून राह्यली होती, फुंकून फुंकून. बुढा सुकलू पेटीवाला असन का वो? गुणाबाईले माहीत हाये का हे? मी म्हनलं, तुले पुसून पाहाव."

चंचल ओसरीत उभी होती. हेमराज आत पेपर वाचत होता.

"दुसरं कोणी असेल, मामा," ती म्हणाली. "तुमचे डोळे तपासून घ्या एकदा. आणि असं गावभर बोलत फिरू नका."